आज हे घर बांधायचं तर

घराच्या विम्याची रक्कम दरवर्षी कमी होत आली आहे, हे सुनेला कळलं ते फॉर्म भरायला बसल्यावर. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणारी बाई, पण स्वतःच्या घराचे कागद तिने कधी उघडले नव्हते. ते खातं सासऱ्यांचं. यंदा त्यांचा हात फार थरथरायला लागला म्हणून फाइल तिच्याकडे आली, आणि तिने जुन्या पावत्या एकीखाली एक लावून पाहिल्या. बारा वर्षांत रक्कम निम्म्यावर आली होती.

"बाबा, ही चूक कुणाची?"

"चूक कसली? मीच सांगतो कमी करायला," सासरे म्हणाले. "घर दरवर्षी एका वर्षाने म्हातारं होतं. जुन्या घराला नव्याची किंमत लावायची म्हणजे लबाडी झाली."

चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. भिंत केसभर जरी कलली तरी पाडून पुन्हा बांधणारा, म्हणून गल्लीने त्यांचं नावच ओळंबा ठेवलेलं. त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती? नवऱ्याची तर नव्हतीच. तो बस चालवायचा. भर रहदारीत कुणाच्या बापाला भ्यायचा नाही, स्वतःच्या बापापुढे मात्र शेळी व्हायचा. "तूच बोल, तुझं ऐकतात," म्हणाला आणि कामावर सटकला.

बोलणं तर भागच होतं. गेल्या वर्षी कोपऱ्यावरची लाँड्री आणि तिच्यामागचं घर जळलं. विमा होता, पण रक्कम पंधरा वर्षांपूर्वीची. मिळालेल्या पैशात भिंती उभ्या राहिल्या, छप्पर राहून गेलं. लाँड्रीवालं जोडपं अजून मेव्हण्याच्या घरी एका खोलीत दिवस काढत होतं. सून रोज त्या उघड्या भिंतींसमोरून जायची आणि तिच्या मनात यायचं, आपली दोन पोरं आणि हा ऐंशीला टेकलेला म्हातारा घेऊन आपण कुठे जाणार? आणि विम्याची मुदत उद्या संपत होती.

तिने विमावाल्या बाईंना फोन लावला आणि त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं सासऱ्यांपुढे मांडलं. "घर विकलं तर किती येतील, ते लिहायचंच नाही, बाबा. जमीनही धरायची नाही. हे घर पडलं, तर अगदी असंच पुन्हा उभं करायला किती लागतील, तेवढंच लिहायचं."

म्हाताऱ्याने फॉर्म स्वतःकडे ओढला. "आजच्या भावाने?"

"आजच्या भावाने. आता मला काय कळणार त्यातलं? मला काचा कळतात. घर बांधलंय कुणी?"

हा डाव होता, आणि डाव आहे हे त्यांनाही कळलं. पण बांधकामाचा अंदाज काढायचा म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. तडक नाक्यावरच्या सिमेंटच्या दुकानात गेले, भाव ऐकून दुकानदाराला चार शब्द सुनावले आणि परत येऊन टेपने खोल्या मोजायला लागले. एक टोक त्यांनी धरायचं, दुसरं सुनेने. विटा, वाळू, सळ्या, फरशी, स्वयंपाकघरातला ओटा, मागाहून वाढवलेली पोरांची खोली. त्या खोलीचा तर विम्याला पत्ताच नव्हता. मध्येच एका कोपऱ्यात ते थबकले.

"इथे तुझी सासू पाणी मारायची. भिंत ओली राहावी म्हणून दिवसातून तीनदा. पोटुशी होती तेव्हा."

सासूला सुनेने फोटोतच पाहिलं होतं. तिने त्या भिंतीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

संध्याकाळपर्यंत यादी झाली. सुतार झाला, रंगारी झाला, हमालीसुद्धा झाली. सुनेने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"बाबा, गवंडी राहिला."

"गवंड्याचे कसले पैसे? मी आहे ना."

अगदी सहज बोलून गेले. हे घर त्यांनी एकट्याने बांधलं होतं, दिवसभर लोकांच्या भिंती रचून झाल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी. मजुरी कुणाला द्यायचा प्रश्नच आला नव्हता. मग त्यांची नजर स्वतःच्या हातातल्या पेन्सिलीवर गेली. ती थरथरत होती. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरून पाहिलं, तरी ती थांबेना.

सुनेला वाटलं, उगाच विचारलं. गुपचूप मनाने आकडा टाकला असता तर काय बिघडलं असतं? तिला त्यांची फार माया आली.

"राहू दे, बाबा. मी लिहिते नंतर."

"नंतर कशाला? लिहायचं तर खरंच लिहायचं." त्यांनी पेन्सिल तिच्या हातात दिली. "लिही. गवंडी. दुसरा कुणीतरी."

तिने लिहिलं: गवंडी, एक.

म्हातारा चष्मा वर सरकवून कागदावर वाकला.

"एक? एवढं काम एका माणसाच्याने होतं होय? दोन लिही."

सुनेने डोळे पुसत एकाचे दोन केले.