दूध तोडल्यानंतरचे दहा दिवस

फाटकाच्या बिजागरीवर नडगी कापली तेव्हा आयनरने तिच्यावर एक जुनं फडकं गुंडाळलं आणि उरलेल्या डुकरिणींना खाद्य घालूनच तो घरात आला. मोर्स बेटावरची माणसं अशीच. आठव्या दिवशी त्याच्या बायकोने, टिराने, त्याला गाडीत घालून पुलापलीकडच्या हॉस्पिटलात नेलं, तोवर पाय गुडघ्याच्या वर तांबडा झाला होता आणि तापात तो आपल्या वारलेल्या भावाशी बोलत होता.

मी सिडसेल. जनावरांची डॉक्टर. त्यांच्या शेडवर चौदा वर्षं दर महिन्याला जात होते.

त्याच आठवड्यात मला हॉस्पिटलातल्या डॉक्टरणीचा फोन आला. जखमेत सापडलेले जंतू डुकरांच्या अंगावर राहणारे होते, आणि नेहमीच्या औषधांना ते दाद देत नव्हते.

"गेल्या पाच वर्षांत तू त्या शेडला कुठली कुठली अँटिबायोटिक्स दिलीस, ते मला कळवशील?"

मी यादी काढून पाठवली. अकरा पानं निघाली. प्रत्येक पानाखाली माझी सही होती. त्या औषधांमुळेच आयनरचा पाय सडला, असं कुणीही खात्रीने सांगू शकत नव्हतं आणि डॉक्टरीणही तसं म्हणाली नाही. "मिळाली," एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सहाशे वीस पिल्लांचं दूध तोडायचं होतं. चार आठवड्यांचं पिल्लू आईपासून वेगळं केलं की त्याच्या पोटाला कोरडं खाद्य झेपत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हगवण लागते. पूर्वी आम्ही खाद्यात झिंकची पांढरी भुकटी घालायचो आणि हगवण थोपवायचो. पण ती भुकटी विष्ठेतून शेतात उतरते आणि तिथेच साठते, म्हणून साऱ्या युरोपात ती बंद झाली. त्यानंतर राहिलं ते माझं औषध, पाण्याच्या टाकीतून सगळ्यांना एकदमच पाजायचं.

टिरा शेडच्या दारातच उभी होती. मला बघताच म्हणाली, "टाकीत काही घालायचं नाही. यापुढे तुझा एक थेंब नको."

"मग काय देणार?"

तिने आत बोट दाखवलं. समुद्रशेवाळ घालून आंबवलेली रेप नावाच्या मोहरीसारख्या तेलबियांची पेंड, यीस्टची पोती, पाण्यात घालायच्या आम्लाचे डबे, आणि ओव्यासारखा उग्र वास येणारं कसलंसं तेल. दोन वर्षांपूर्वी मीच तिला हे सुचवलं होतं. तेव्हा ती हसली होती, "डुकरांना आता लोणचं वाढू का?" म्हणून.

"टिरा, या गोष्टींनी फरक पडतो, पण हळूहळू. पेंड पिल्लं आईखाली असतानाच चाखवायला हवी होती. ती चार नव्हे, पाच आठवडे आईजवळ हवीत. एका रात्रीत पोट तयार होत नाही गं."

"जागा कुठेय? पुढच्या डुकरिणी विण्याच्या बेतात आहेत. त्यांना काय अंगणात घालू?"



पहिले तीन दिवस बरे गेले. पिल्लांना आंबट पेंड आवडली. शेडवर काम करणारी डोइना, रुमानियाची, जिभेची तिखट, मला फोनवर म्हणाली, "तुझ्यापेक्षा शेवाळ बरं, सिडसेल. आता तू मासे पकडायला लाग."

चौथ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. आवाजात चेष्टा नव्हती.

मी पोचले तेव्हा सहाव्या आणि सातव्या कप्प्यातली पिल्लं एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडली होती. पाठीचे केस उभे, पोटं खपाटीला गेलेली, शेपट्या पिवळ्या पाण्याने भिजलेल्या. चार मेली होती. दुसऱ्या दिवशी नऊ. त्याच्या पुढच्या दिवशी सतरा. टिराने शेडमधली उष्णता वाढवली, खाद्य निम्मं केलं, आम्लाचं प्रमाण बदललं, ओटची कोमट पेज करून दिवसातून पाच वेळा हाताने पाजली. आणखी वेगळं यीस्ट मागवलं. तेलाचा वास तिच्या केसांत इतका मुरला की दुकानात लोक वळून बघायचे. उठण्यापलीकडे गेलेल्या पिल्लांना ती स्वतःच एका ठोक्यात मोकळं करायची आणि मेलेली रस्त्याकडेच्या झाकणाखाली नेऊन ठेवायची. मेलेली जनावरं उचलून नेणारी गाडी यायच्या आतच झाकण भरून वर उचललं जायचं.

सहाव्या दिवशी दुपारी मी तिला हॉस्पिटलात घेऊन गेले, कारण तिच्या हातात चाक धरण्याचं बळ उरलं नव्हतं. आयनर वेगळ्या खोलीत होता. आत जायचं तर झगा, हातमोजे, तोंडावर पट्टी. बारा वेळा हात धुऊन ती आत गेली. मी काचेबाहेर उभी राहिले. दार पुरतं लागलं नव्हतं.

"पिल्लं कशी आहेत?" त्याने विचारलं.

"खातायत. चांगली खातायत."

"आंबट पेंड?"

"हो."

"बघ! मी सांगत नव्हतो?" त्याने कधीच सांगितलं नव्हतं. तिने त्याच्या गालावर हातमोजा ठेवला आणि म्हणाली, "सांगत होतास."

बाहेर आल्यावर डॉक्टरणीने तिला बाजूला घेतलं. शेवटचं जे औषध लागू पडण्याची आशा होती, ते चालू केलंय, म्हणाली. पण हाडापर्यंत गेलंय. तीन-चार दिवस बघू, नाहीतर पाय काढावा लागेल. परतीच्या वाटेवर पुलावर वारा गाडीला ढकलत होता. टिरा एकदाच म्हणाली, "त्याचं शेवटचं औषध. आणि तसलीच औषधं मी इथे डुकरांच्या टाकीत ओतत होते."

सातव्या दिवशी प्रयोगशाळेकडून विष्ठेचा अहवाल आला. पिल्लांच्या हगवणीच्या जंतूंवर अजून दोन औषधं चालत होती. दोनच, पण होती. मी बाटल्या घेऊन शेडवर गेले.

"नाही," टिरा म्हणाली.

"आजारी जनावराला औषधावाचून तडफडत ठेवणं हाही गुन्हाच आहे. तू ऐकलं नाहीस तर मला अधिकाऱ्यांना कळवावं लागेल. मी कळवीन, टिरा."

"कळव! यादी पाठवलीस तशीच कळव!" ती एवढ्याने ओरडली की पिल्लं भिंतीकडे पळाली. "चौदा वर्षं तू आलीस, कॉफी प्यालीस, सही केलीस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. आता तिथे त्याचा पाय कापतील आणि तू पुन्हा बाटली घेऊन आलीस. लाज नाही वाटत?"

वाटत होती. मी तसं म्हणाले. औषधं मागितली होती तिने, पण नको म्हणायचं काम माझं होतं, आणि सोपं जावं म्हणून मी ते टाळलं होतं.

डोइनाने कप्प्यातून एक पिल्लू उचललं आणि टिराच्या हातात जवळजवळ कोंबलंच. "हे बघ. हे आयनरला ओळखतही नाही. हे महिन्यापूर्वी जन्मलं. याला कुठल्या गोष्टीची शिक्षा देतेस?"

पिल्लाची मान लटकत होती. टिरा कुंपणाच्या फळीवर बसली. ते मांडीवर घेऊन तिने हाताने त्याची शेपटी पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, जणू तेवढं स्वच्छ झालं की काम झालं. मग मान वर न करता म्हणाली, "फक्त आजारी असतील त्यांनाच. टाकीत नाही. एकेकाला टोचून. आणि तू स्वतः टोचायचंस."

आम्ही तीन दिवस टोचलं. रोज एकशे चाळीस पिल्लं. टिरा धरायची, मी सुई घालायचे, डोइना पाठीवर निळी रेघ ओढायची. निरोगी कप्प्यांना शिवलोही नाही, तिथे आंबट पेंड चालूच राहिली, आणि त्यातल्या बहुतेकांना हगवण लागलीच नाही. ती पेंडीमुळे वाचली की नशिबाने, ते मला आजही सांगता येणार नाही. दहाव्या दिवशी सकाळी प्रथमच एकही पिल्लू मेलं नाही. एकूण त्र्याण्णव गेली होती.

त्याच सकाळी, साडेदहाला, आयनरचा पाय गुडघ्याखाली कापला. टिरा तेव्हा शेडमध्ये होती. फोन आला, तिने ऐकला, "बरं" म्हणाली आणि पेंडीची बादली उचलून पुढच्या कप्प्याकडे गेली.

त्यानंतर तिने तिसरा हिस्सा डुकरिणी काढून टाकल्या, म्हणजे पिल्लांना पाच आठवडे आईजवळ ठेवण्याइतकी जागा झाली. आंबवलेली पेंड ती दुसऱ्या आठवड्यापासूनच त्यांच्यापुढे पातळ करून ठेवायला लागली. पुढच्या दोन खेपा बऱ्या गेल्या. आयनर वसंतात घरी आला, कुबड्यांवर, चिडका आणि बारीक झालेला. जंतू अजून त्याच्या नाकात आहेत, असं डॉक्टरणीने बजावलं होतं, म्हणून त्यांच्या मुलीने आपल्या तान्ह्या बाळाला आणायचं पुढे ढकललं. तो खिडकीत बसून शेडकडे बघायचा आणि म्हणायचा, "विकून टाक सगळं." टिरा म्हणायची, "आणि मग करू काय आपण?" रोज तेच.

तिसऱ्या खेपेला पुन्हा हगवण लागली. सगळं तेच दिलं होतं, तीच पेंड, तेच आम्ल, पाच आठवडे पूर्ण. सकाळी सातला टिराचा फोन आला. ती रडत नव्हती. थकलेली होती, इतकंच.

"बावीस आजारी आहेत. बाकी सहा कप्पे ठीक आहेत," ती म्हणाली. "तू ये. पण बावीस जणांपुरतंच आण."

मी बावीस जणांपुरतं मोजून घेतलं आणि निघाले.