हातभर नळी

गॅसच्या दाबाचा काटा बारावर.

पेलाभर फेस, तळाला दोन बोटं बिअर. जुन्या फ्रिजच्या दाराला तोटी बसवायची, आत पिंप ठेवायचं आणि घरी केलेली बिअर गॅसच्या दाबाने ओतायची, हा तिचा हट्ट. लिफ्ट दुरुस्त करणारी बाई ती. बारा मजल्यांची लिफ्ट निमूट ऐकते, आणि हे गुडघाभर पिंप तोंड वर करून फेसाळतं?

काटा आठवर.

दाब उतरवला. तरी फेस. गळती शोधायला सगळ्या नटांना साबणाचं पाणी फासलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. मग राहिलं कोण? दिवसभर घरात कोण असतं? सासरे. उभा जन्म शिंपीकाम केलेलं, आता रिकामे, आणि हातांना चैन नाही.

"बाबा, गॅसच्या दाबाचा स्क्रू तुम्ही पिळता."

"हात लावला नाही."

"मग काय भुताने पिळला?"

"अगं बाळ, त्या गॅसच्या नळकांड्याची मला भीती वाटते. मी लांबून जातो."

"खोटं बोलू नका!"

"अगं, जरा हळू..." नवरा.

"तू गप्प बस."

सासरे पांढरेफटक पडले. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. सुतभर खोटं कधी लिहिलं नाही.

"सूनबाई, उद्या अकराला गाडी बोलाव. मी धाकट्याकडे जातो राहायला. कायमचा."

"बोलावते!"

काटा चारवर.

सकाळचे पावणेअकरा. बिअर आता मचूळ, आणि वर फेस तो फेसच. आतल्या खोलीत बॅगेची चेन करकरली. तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिने गॅस बंद केला, दाब सोडून दिला आणि पिंपच बाहेर ओढलं.

काटा शून्यावर.

पिंपापासून तोटीपर्यंत तीन मीटर बारीक नळी तिने स्वतः वेटोळं करून बसवली होती. एवढ्या लांबीत बिअर दमते, मग शांत उतरते. आता नळी उरली होती हातभर. टोक सरळ, स्वच्छ, एका कातरीत कापलेलं.

आठ दिवस ती नुसता गॅस तपासत बसली होती.

"बाबा! नळी कुणी कापली?"

"मी." सासरे दारात, हातात बॅग. "लोंबत होती, बेतात बसवून दिली. तू नळीचं विचारलंस कधी? स्क्रूचं विचारलंस. स्क्रूला मी हात लावला नाही."

खरंच लावला नव्हता. हेच तिला जास्त झोंबलं.

"कापायच्या आधी विचारायचं!"

"मला खोटा ठरवायच्या आधीही."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. सासऱ्यांनी बॅग उघडली, शिवणाच्या डब्यातून दोऱ्याने बांधलेलं नळीचं वेटोळं काढून तिच्या पुढ्यात आदळलं. "शिंपी तुकडा टाकत नसतो. घे, जोड."

"जोड चालत नाही! जोडापाशी फेस होतो. नवीच आणावी लागेल. आणि चुकलं माझं!" तेही ओरडूनच.

"ऐकू आलं. बहिरा नाही मी."

पुन्हा हॉर्न.

"ती गाडी नळीच्या दुकानाकडून नेता येईल ना?" सासऱ्यांनी बॅग तिथेच ठेवली, टेप गळ्यात अडकवली. "चल. या वेळी माप मी घेतो. सुतभर कमी भरली तर त्या दुकानदाराचं काही खरं नाही."