मार्च महिन्यातलं गोदाम

रविवारी सकाळी मी वेसाव्याच्या आमच्या अंगणात जवळा वाळत घालत होते आणि माझी नात कल्पिता ओटीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. साकीनाक्याच्या एका कचेरीत ती कामाला आहे. युरोपातल्या निरनिराळ्या देशांतल्या कंपन्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून तुलना करायची, हे तिचं काम. या खेपेला मासळी डबाबंद करणाऱ्या कंपन्या होत्या, म्हणून माझ्यासारख्या कोळणीलाही त्यात रस.

“पोर्तुगालनं वाट लावली माझी,” ती म्हणाली.

“काय केलं गं त्यानं?”

“अगं, स्पेन, फ्रान्स, इटली, सगळीकडे गोदामात चार-चार महिने पुरेल एवढा माल. पोर्तुगालात जेमतेम एका महिन्याचा. विद्याधर सर म्हणतात, एकतर तिथल्या कंपन्या बुडतायत, नाहीतर तुझं चुकलंय. उद्या सकाळी कारण सांगायचं. उद्याच माझे सहा महिने संपतात, आजी. नाही सांगता आलं तर कायम नाही करणार मला.”

“हिशेब तपासलास?”

“तीनदा!”

मी हात धुऊन तिच्याजवळ बसले. तिनं तिथल्या बायांचं चित्र दाखवलं. डोक्याला टोपी, हातात मोजे, डब्यांत भरत होत्या ती आपली तारलीच, कल्पिताच्या भाषेत सार्डिन. मला एकदम आमच्या इंजिनाची, घरात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट आठवली.

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. शिडाच्या होडीला इंजिन बसवायला कर्ज हवं होतं. बँकेचा साहेब पाहणीला आला तो श्रावणात, नारळी पुनवेच्या चार दिवस आधी. पुनवेपर्यंत मासेमारी बंद, म्हणून होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या, बोंबील वाळवायच्या वलांड्या रिकाम्या, पुरुष जाळी सांधत बसलेले. साहेबानं लिहिलं, धंदा दिसत नाही. आमचे हे मान खाली घालून उभे. माझी सासू अंजनाबाई मात्र कमरेवर हात ठेवून साहेबाला आडवी गेली. “आज मोजशील तर अख्खा वेसावा भिकारी दिसंल. दिवाळीला ये, पाय ठेवायला जागा नाय मिळायची!”

साहेब हसला, आणि दिवाळीच्या आठवड्यात खरंच आला. वलांडीखालून वाकून जाताना त्याची टोपी बोंबलांत अडकली. इंजिन मिळालं. त्याची फटफट अजून माझ्या कानात आहे.

“कल्पिता, हा माल मोजला कधी?”

“वर्षअखेरीला. सगळे तेव्हाच मोजतात.”

“अगं पण महिना कुठला?”

ती बोट लावून वाचत गेली. स्पेन, डिसेंबर. फ्रान्स, डिसेंबर. इटली, डिसेंबर. पोर्तुगालच्या चार मोठ्या कंपन्यांवर तिचं बोट थांबलं.

“मार्च! आजी, मी हे वाचलं होतं गं! पण आपल्याकडे सगळ्यांचंच हिशेबाचं वर्ष मार्चला संपतं ना, मला काही वेगळं वाटलंच नाही.”

“मार्चात तिथं तारली मिळते?”

तिनं पटापट शोधलं. या कंपन्यांच्या बोटी थेट मे महिन्यात समुद्रावर जातात. मार्चपर्यंत माल विकून गोदाम रिकामं.

“म्हणजे पुनवेच्या आधी मोजलं,” मी म्हटलं.

तिनं त्या कंपन्यांचे दर तिमाहीचे आकडे काढले आणि डिसेंबरचा माल धरला. साडेतीन महिने! ती ओरडली तशी शेजारची शांताबाई काय झालं म्हणून दारात आली. कल्पितानं तिथूनच फोन लावला.

“सर, कोणी बुडत नाहीये. मोजायचा महिना वेगळा आहे.”

पलीकडून विद्याधर सरांचा आवाज आला, “सगळ्यांचे आकडे एका महिन्यावर आणून पाठव. आणि उद्या आधार कार्ड घेऊन ये, कायम नोकरीचे कागद भरायचेत. सुचलं कसं तुला?”

“आमच्याकडे इंजिन आलं होतं ना सर, तेव्हापासून माहितीये,” ती म्हणाली. सरांना काय कळलं कोण जाणे.

मग तिनं तक्त्यात एक नवा रकाना केला: कोणत्या महिन्यात मोजलं. तो मला वाचून दाखवला. तेवढ्यात दोन कावळे जवळ्यावर उतरले होते. एरवी मी काठी घेऊन धावले असते. त्या दिवशी म्हटलं, खाऊ देत मूठभर.