पाठ झालेला तक्ता

मित्रांनो, माझ्याकडे आजवर हजारो माणसांनी डोळे ताणून पाहिले, पण मला भेटायला म्हणून एकच जण आला. मी डोळे तपासायचा एक जुना तक्ता आहे. वर एकच मोठे अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी आणि तळाला मुंगीएवढी अक्षरे. आज मी लायसनच्या कचेरीतल्या अडगळीच्या खोलीत एका मोडक्या खुर्चीला टेकून उभा आहे. बोलायला सोबत म्हणाल तर ही खुर्चीच, आणि तिला बोलण्याची फारशी आवड नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. आम्ही शंभरएक भावंडे एकाच दिवशी जाड पुठ्ठ्यावर छापली गेलो. दोन्ही बाजूंना छपाई, पुढे वेगळी अक्षरे आणि मागे वेगळी. मशीनवाल्याने मला उजेडात धरले आणि म्हणाला, "झकास उठलाय." एवढे कौतुक पुढे कधी वाट्याला आले नाही, म्हणून ते अजून जपून ठेवले आहे. शाई नीट वाळली नाही तोच आमची पांगापांग झाली. कुणी दवाखान्यात गेले, कुणी चष्म्याच्या दुकानात. मी इथे आलो.

डोळे तपासणाऱ्या बाईंच्या खोलीत मला खिळ्याला टांगले. लायसनची मुदत संपत आली की माणसे यायची. आधी फोटो, मग सही आणि मग मी. एक डोळा तळहाताने झाकायचा, माझी अक्षरे म्हणायची, मग दुसरा झाकायचा. शिक्का बसला की माझ्याकडे पाठ फिरवून चालू लागायचे. ज्यांची नजर अधू, ते तर रांग मोडून पाणी प्यायला म्हणून माझ्याजवळ यायचे आणि घोट घेता घेता मला पाठ करायचे. पाण्याचे पिंप माझ्या शेजारीच होते ना. सुरुवातीला मला वाईट वाटे. नंतर मी मनाशीच हसायला शिकलो, कारण तिथे हसण्याजोगे दुसरे काही नव्हते.

या सगळ्यांत बसकाका माझे खास. त्यांनी उभे आयुष्य शाळेची बस चालवली. कचेरीतले निम्मे कारकून लहानपणी त्यांच्याच बसमधून गेलेले, म्हणून ते सगळ्यांचे बसकाका. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी जुनी गाडी घेतली. वय वाढले की लायसन लवकर लवकर रिन्यू करावे लागते, त्यामुळे ते वरचेवर येत. माझ्यासमोर उभे राहिले की त्यांचा सूर लागायचा. "प. ट, म. ल, ग, ब, च." एका दमात, थेट शेवटच्या ओळीपर्यंत. मला वाटे, या जगात एक तरी माणूस आहे ज्याला मी तोंडपाठ आहे. एकट्या जिवाला तेवढेही पुष्कळ असते.

मग एकदा खोलीला रंग दिला. शिपायाने मला खाली उतरवले आणि रंग वाळल्यावर टांगताना माझी मागची बाजू पुढे केली. माझ्या पाठीला पहिल्यांदाच वारा लागला. कुणाच्या ते लक्षातही आले नाही. बाई आल्या, पर्स खुर्चीला अडकवली आणि कागदांत डोके घालून बसल्या.

त्या दिवशी रांगेत पहिला नंबर बसकाकांचा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"लवकर आटपा हं बाई. इथून तसंच ताईकडे जायचंय."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. टेकडीपलीकडे एकटीच राहायची. तिला हे आणि यांना ती, याउपर दोघांनाही कुणी नव्हते. दर आठवड्याला काका तिची औषधे आणि भाजी गाडीत घालून जात.

"कशा आहेत ताई?" बाईंनी मान वर न करताच विचारले.

"तिला काय होतंय? ठणठणीत आहे."

काकांनी डोळा झाकला आणि सूर लावला. "प. ट, म. ल, ग, ब, च." बाईंचे पेन त्या सुरावर कागदावर फिरत होते. इतक्या वर्षांत त्यांनाही मी पाठच झालो होतो. त्यांनी शिक्का उचलला. तेवढ्यात पिंपापाशी उभा असलेला टॅक्सीवाला चाचरत म्हणाला, "बाई, जरा थांबा. मघापासून मी पाठ करतोय. काका म्हणतायत ते तिथं नाहीच आहे."

बाईंनी मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिले, मग काकांकडे. मला लपायला जागा नव्हती.

"काका, सगळ्यात वरचं अक्षर कोणतं?"

"प."

तिथे र होता, वीतभर उंचीचा. काका पुढे आले, आणखी पुढे आले, त्यांचे नाक मला टेकायचेच बाकी राहिले. त्यांच्या बुबुळांवर दुधाची साय धरली होती.

"तक्ता बदललात होय? सांगायचं ना आधी," ते हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले.

"कधीपासून दिसत नाहीये?"

"दिसतं हो. जरा धुकं असतं, एवढंच. पण ताईच्या घरचा रस्ता मला पाठ आहे. डोळे मिटून जाईन."

"तेच करताय तुम्ही, काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि मध्येच एखादं पोर आडवं आलं तर?"

याच माणसाने हजारो पोरांना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला होता. काका स्टुलावर बसले. मग म्हणाले, "लायसन गेलं तर ताईकडे कोण जाईल?"

"तुम्हीच जाल. बसने. मोतीबिंदू काढून घ्या आणि मग या. शिक्का तेव्हाच."

"बसने," काका पुटपुटले, जणू तो शब्द त्यांनी आजच ऐकला होता.

ते गेले तेव्हा मला खिळ्यावरून उडी मारून त्यांच्यामागे जावेसे वाटले. पुढे बाईंनी साहेबांच्या मागे लागून एक नवे यंत्र आणवले. त्यात दिवा लागतो आणि दर माणसाला अक्षरे बदलतात. माझी रवानगी अडगळीत झाली, तीही तोंड, म्हणजे 'प'ची बाजू, भिंतीकडे करून. महिने गेले. अंगावर धूळ साचली, एक कोपरा ओलीने फाटला. दार अर्धवट उघडे असे. मी फक्त त्या एका सुराची वाट पाहत होतो.

एक दिवस काकांचा आवाज आला, पण सूर नव्हता. यंत्रातले एकेक अक्षर ते थांबून थांबून वाचत होते, पहिलीतल्या मुलासारखे. सगळी बरोबर आली. शिक्का बसल्याचा आवाज मी ओळखला.

"झालं काका. जा आता ताईंकडे ऐटीत गाडीने."

स्टूल सरकल्याचा आवाज आला नाही.

"बाई, डोळ्यांची पट्टी निघाल्यावर बसने गेलो होतो तिच्याकडे. तिनं दार उघडलं तर मला वाटलं, कुणी दुसरीच म्हातारी आहे. किती वाळलीय हो ती. कप धरवत नाही, हात कापतो. दर आठवड्याला जात होतो मी. तिच्यासमोर बसून चहा पीत होतो." आता स्टूल सरकले. "आज तिला घरी घेऊन येतो. आता माझ्याकडेच राहील."

जाता जाता त्यांनी विचारले, "तो जुना तक्ता कुठंय?"

"पडलाय आत. कशाला हवाय?"

"बघायचाय एकदा."

ते आत आले. मला भिंतीकडून वळवले, रुमालाने पुसले आणि माझ्यासमोर उभे राहिले. या वेळी त्यांनी सूर लावला नाही. वरच्या मोठ्या अक्षरापासून तळाच्या मुंग्यांपर्यंत त्यांची नजर सावकाश उतरली. "कोपरा फाटलाय की रे तुझा," ते म्हणाले आणि ताईला आणायला निघून गेले. त्यानंतर इथे कुणी आलेले नाही.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर टांगा, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस संपले. पण तुमच्या घरातही कुणीतरी तुम्हाला पाठ झालेले असेल. दार कोण उघडणार, काय विचारणार, हे तुम्हाला न पाहताच ठाऊक असेल. आज घरी गेलात की त्या माणसाकडे एकदा नीट पाहा, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. मी इथेच आहे. काकांनी ठेवले तसा, तोंड दाराकडे करून.