बॉनेटच्या आतला पिवळा रंग

“पुसलं. मीच पुसलं. झालं समाधान?” बाबांनी हातातला पाना बाकावर आपटला. नेम चुकला. पाना कडेला लागून माझ्या पायाशी पडला.

“थिनरनं?”

“नाही, अत्तरानं! तोंड सांभाळून बोल.”

“मी सांभाळतो. तुम्ही काय सांभाळलंत?”

आतून आई ओरडली, “अरे, सकाळी सकाळी कसला तमाशा? शेजारी जमतील आता.”

आमच्या बाबांना सगळे पिवळा मिस्त्री म्हणतात. तीस वर्षं गॅरेज चालवतायत, पण नाव पडलं ते एका रंगाच्या डबीमुळं. कुठल्याही गाडीत तात्पुरतं काम केलं, की बॉनेटच्या आतल्या बाजूला पिवळ्या ऑइलपेंटनं लिहून ठेवायचं. काय केलं, कधी केलं, काय करायचं नाही. पुढच्या मिस्त्रीला कळायला नको? गिऱ्हाइकं वैतागतात, विकताना किंमत पडते म्हणतात. बाबा म्हणतात, मग दुसरीकडे जा. आमच्या गॅरेजची गाडी असली आणि आत पिवळं नसलं, तर डोळे झाकून घ्यावी, हे पोरासोरांनाही माहीत आहे.

आमच्या स्वतःच्या गाडीत पिवळं आलं ते माझ्यामुळं. शाळा सोडलेली, डोकं कायम तापलेलं. त्या दिवशी गाडीही तापली. कशीबशी गॅरेजच्या दारात आणली. वाफ थांबेना, मलाही थांबवेना. बादलीभर गार पाणी घेतलं आणि रागारागात तापल्या इंजिनवर ओतलं. आत टण् झालं. एवढंसंच. बाबा दुसऱ्या गाडीखाली आडवे होते, तसेच सरपटत बाहेर आले. मारलं असतं तर बरं झालं असतं. “इंजिनचा ब्लॉक चिरला,” एवढंच म्हणाले.

इतक्या जुन्या गाडीचा ब्लॉक आता कुठं मिळत नाही, आणि बिडाला वेल्डिंग सहजी धरत नाही. म्हणून त्यांनी काचेचं औषध घातलं. आधी इंजिन गार ठेवणारं जुनं कूलंट तीनदा धुऊन काढलं. साधं पाणी भरलं, इंजिन चालू ठेवलं आणि ते मधासारखं घट्ट औषध बारीक धारेनं आत सोडलं. तापलं की ते चिरेत शिरून काचेसारखं कडक होतं. मग अख्खा एक दिवस गाडीला हात लावायचा नाही.

“हे टाके नव्हेत, नुसती खपली आहे,” बाबा म्हणाले. “आणि यात परत कूलंट पडलं तर त्याची जेली होते. पाण्याच्या सगळ्या वाटा बुजतात.” मग ब्रश माझ्या हातात दिला. “लिही. तूच लिही.”

लिहिलं. ब्लॉकला चीर, काचेचं औषध, कूलंट घालू नये, तारीख. माझं अक्षर म्हणजे आनंदच. ‘चीर’ची वेलांटी बिजागरीपर्यंत गेली होती.

त्यानंतर बाबांचा डोळा. उजवा गेल्यातच जमा आहे, डाव्यावर पडदा चढतोय. सोमवारी डाव्याचं ऑपरेशन. गाडी सोडली तर घरात विकण्यासारखं काही नव्हतं.

काल दुपारी नर्सबाई गाडी बघायला आल्या. अंथरुणाला खिळलेल्या लोकांना घरोघर जाऊन बघतात त्या. बॉनेट उघडलं, चष्मा चढवला, मान आत घालून बघितलं.

“मिस्त्री, तुमचं पिवळं काही दिसत नाही हो.”

“बघा की नीट,” बाबा जमिनीकडे बघत म्हणाले.

“बघितलं. म्हणून तर घेते. आता दुसऱ्या कुणाला दाखवायची गरजच नाही.”

बाबांच्या खांद्यावरच्या फडक्याला थिनरचा वास येत होता. मला आला. मी गप्प बसलो. मीसुद्धा.

“उद्या आठला माझ्याकडच्या एका आजारी आजीबाईंना घेऊन निघते,” त्या म्हणाल्या. “घाट चढून मोठ्या दवाखान्यात. नवीन कूलंट आणून ठेवलंय, सकाळी घातलं की निघाले.”

बाबांनी किल्ली पुढं केली. त्यांचा हात भलतीकडेच गेला. नर्सबाईंनीच ती पकडून घेतली, पैसे मोजले आणि गाडी घेऊन गेल्या.

रात्रभर मला डोळा लागला नाही. म्हणून आज उठल्या उठल्या विचारलं.

“घाटात बंद पडेल गाडी,” मी म्हणालो. “मागच्या सीटवर आजारी म्हातारी असेल.”

“कळतंय मला.”

“मग?”

“मग काय? ब्लॉक मी फोडला का?”

फोन दोनदा लावून झाला होता, नर्सबाई उचलत नव्हत्या. आई दारात आली. सोमवारी बाबांनी घालायचा शर्ट तिच्या हातात होता.

“तू जा आणि सांग. ती बाई गाडी परत आणून उभी करेल. मग सोमवारचं काय? त्या तारखेसाठी मी चार महिने हेलपाटे घातलेत. बापाचा डोळा जड झाला का रे तुला?”

मी स्टुलाला लाथ घातली. स्टूल एका बाजूला पडलं आणि बाबा दचकून दुसऱ्याच बाजूला वळले. तिथं काहीच नव्हतं. तरी ते तिकडंच बघत राहिले.

मी फळीवरून पिवळी डबी काढली. झाकण निघेना. बाबा बाक चाचपत जवळ आले. वाटलं, हिसकावून घेणार. त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, न बघता झाकणाच्या खाचेत घातला आणि एका झटक्यात उघडलं.

“ब्रश सुकलाय,” ते म्हणाले. “थिनरमध्ये बुडवून घे.”

थिनरची बाटली बाकावरच होती. कालपासून तशीच, बूच न लावलेली.

“आणि तारीख आजची टाकू नकोस. तेव्हाचीच टाक.”

आई खाली बसली. शर्टाची घातलेली घडी मोडून परत घालायला लागली.

पावणेआठ झालेत. नर्सबाईंचं घर पुलापलीकडे आहे. मला निघायला हवं.