उलटी भुतं

माझ्या पार्लरमध्ये खिडकीशी एक छोटं टेबल आहे. तिथे आमच्या भावजयबाई बसतात, माझ्या धाकट्या भावाची बायको. मी केस कापते, ती नखं रंगवते, आणि मधल्या वेळात आम्ही एकमेकींच्या खोड्या काढतो. एरवी मी तिची ताई असते. चिडली की लगेच वन्सं.

हॅलोविनच्या आठवड्यात मी सकाळ-संध्याकाळ वन्संच होते. कारण भावजयबाईंनी खोट्या प्लास्टिकच्या नखांवर भुतांचा कारखाना काढला होता. काळ्या नखावर पांढरं भूत, केशरी नखावर दात विचकणारा भोपळा, कुठे कोळ्याचं जाळं, कुठे रक्ताचा ओघळ. एका नखावर तर नुसताच लाल शिरांचा डोळा. मी चहा प्यायला बसले की तो माझ्याकडे टक लावून बघायचा.

"अगं, त्याला पापणी तरी काढ. झोपू दे बिचाऱ्याला."

"वन्सं, तुम्ही केस कापा."

ती एवढा जीव ओतत होती त्याला कारण होतं. टेबल मांडून बरेच दिवस झाले, तरी गिऱ्हाईक जेमतेम. खोकी बांधायच्या जुन्या कामावर गोदामाच्या मुकादमाने तिला परत बोलावलं होतं, आणि उत्तर विचारायला तो आज फोन करणार होता. "आजचं काम जमलं तर राहते, नाहीतर जाते," ती सकाळी म्हणाली. "उगाच तुमची जागा कशाला अडवू?"

"जा की. खिडकीतून उजेड तरी येईल," मी म्हटलं. माझी जीभच मेली तशी. ती गेली असती तर मला इथे क्षणभर करमलं नसतं, पण ते काही तोंडातून निघालं नाही.

आजचं काम म्हणजे ग्रंथालयातल्या बाई. मुलांच्या विभागाचं काउंटर त्या सांभाळतात. तिथे आज पोरांची हॅलोविन पार्टी होती आणि बाईंना दहाही बोटांवर भुतंखेतं हवी होती. बाई दमलेल्या होत्या. हात टेबलावर ठेवून त्यांनी जे डोळे मिटले, ते शेवटचा थर दिव्याखाली वाळल्यावरच उघडले. मग हात स्वतःकडे ओढून त्यांनी निरखून पाहिलं.

"ही सगळी शीर्षासन का करतायत?"

मी कात्री ठेवून धावले. खरंच, एकूण एक भूत उलटं! सराव करताना ही बया खोटं नख टोक वर करून धरायची. आज बाईंची बोटं तिच्याकडे रोखलेली, म्हणजे टोक खाली. तिने आपल्याला सरळ दिसतील अशी भुतं काढली आणि बाईंच्या बाजूने ती सगळी डोक्यावर उभी राहिली. जेलचा रंग दिव्याखाली घट्ट झालेला, नुसता पुसून निघणारा नव्हे. दहा नखं घासून पुन्हा रंगवेपर्यंत पार्टी उरकली असती.

"चुकलं माझं. मी माझ्या बाजूने काढली," भावजय म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला. मला एरवी दहा टोमणे सुचले असते. आता एकही सुचेना.

बाईंनी टेबलावरचं एक मासिक उचललं, काउंटरवरून पुस्तक सरकवावं तसं तिच्यापुढे सरकवलं आणि पंजा त्यावर तसाच ठेवला.

"आता तुम्हाला कशी दिसतात?"

"सरळ."

"मग झालं. पोरं तुमच्याच जागी उभी असतात." त्या हसल्या. पण हात लगेच उचलला नाही. "एक मात्र माझ्याकडे तोंड करून काढाल? तिथे सगळंच पोरांकडे तोंड करून असतं हो. चित्रांची पुस्तकंसुद्धा मी उलटीच वाचते."

भावजयीने मान डोलावली. स्टूल उचललं, टेबलाला वळसा घालून ती बाईंच्या शेजारी जाऊन बसली. डाव्या हाताचं एक नख घासलं आणि बाईंच्या बाजूने, सावकाश, गालात हसणारं एक छोटं भूत काढलं. बाई त्या बोटाकडे बघत बघतच दाराबाहेर पडल्या.

थोड्या वेळाने मुकादमाचा फोन आला. मी केर काढायचं सोंग घेऊन जवळच घुटमळले.

"नाही येत मी," ती म्हणाली. "चूक झाली होती, तरी जमलं. आता माझं टेबल इथेच."

मला इतका आनंद झाला की केरसुणी तिथेच टाकून मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि हात पुढे केला. तिने काळ्या रंगाची बाटली उघडली.

"भूत कुणाच्या बाजूने काढू?"

"तुझ्या. रोज समोर तूच बसणार आहेस."

ती खाली मान घालून पहिलं नख रंगवायला लागली.

"ताई, बोटं सैल सोडा," ती म्हणाली.