गौसचं चाडं आणि हंबीररावांचा मुजरा

मी एक जुनं, वाळवीनं कडा खाल्लेलं बाभळीचं चाडं आहे. मित्रांनो, पाभरीवर बी सोडायचं चाडं तुम्ही पाहिलं असेल. मी मात्र आयुष्यात एक दाणा पेरला नाही. गडमुडशिंगीच्या गुऱ्हाळात मला चरकाच्या तोंडाशी आडवं बांधत. माझ्या रुंद बाजूनं ऊस सारायचा, पुढं चरक तो ओढून घेई. माणसाचा हात मात्र हातभर लांब राही.

माझ्याआधी तसं नव्हतं हो! ऊस सारणाऱ्या पिराजीचा पंजा चरकात गेला, त्या दिवशी शेजारचा गौस सुतार जेवला नाही. मग तीन वर्षं तो लाकूड तासत बसला. माझी चार थोरली भावंडं ऊस अडकून फुटली आणि चुलवाणात जळाली. मी टिकलं.

महाराजांच्या राज्यात दहा वर्षं हे चाडं गौसनंच करावं, अशी सनद मागायला तो मला डोक्यावर घेऊन कोल्हापूरच्या कचेरीत गेला. तिथं गुऱ्हाळमालक हंबीरराव आडवे आले. मला बघून केलेली वीस चाडी त्यांनी विकायला तयार ठेवली होती. आत येताच त्यांनी अंमलदारांना डाव्या हातानं मुजरा केला.

"चाडं जुनं, चरक जुना," हंबीरराव गरजले, "दोन्ही एका जागी बांधलं. त्यात काय डोस्कं लागतंय? कुनालाबी सुचलं असतं की!"

मला वाटलं, संपलं आपलं.

म्हातारे अंमलदार सावकाश म्हणाले, "उघड आहे असं तुम्ही म्हणता, तर ते दाखवायचं ओझंही तुमचंच. पाहिल्यावर सगळेच शहाणे. न पाहता कुणाला सुचलं होतं?"

"मला! ईस वर्सं चरक चालवतोय. पैल्या दिसापासनं ठावं हाय!"

"मग उजव्या हातानं मुजरा करा."

हंबीररावांनी हात उपरण्याखाली घेतला. त्याला दोनच बोटं होती.

"कधी गेली?"

"सा वर्सं झाली."

"ठाऊक असूनही चरकाला दिलीत?"

हंबीररावांनी उपरणं हातावर आणखी ओढलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "न्हाय सुचलं, सायेब."

गौसला सनद मिळाली. मी तीस हंगाम राबलं. आता मी परड्यात पडलंय आणि माझ्यात कोंबड्या अंडी घालतात. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, कुणी नवं काही केलं की "ह्यात काय विशेष?" असं तुमच्या तोंडात येईल. त्याआधी जरा आपली बोटं मोजा. ती शाबूत असतील, तर त्यासाठी कुणा गौसनं तीन वर्षं लाकूड तासलेलं असतं.